मिरचीखाली घोळ: एका उन्हाळ्याच्या प्रकल्प नोंदी

18 जानेवारी 2025, फलटण तालुका

काम ठरलं. विहिरीकडच्या दोन गुंठ्यांत यंदा उन्हाळी मिरची घ्यायची आणि दोन ओळींमधली जमीन घोळ या पसरणाऱ्या रानभाजीनं झाकायची. मल्चिंगचा, म्हणजे जमीन झाकायचा, कागद अंथरायचा नाही आणि पाचटही पसरायचं नाही. जमिनीवर जे पसरेल ते खुडून ताटात आलं पाहिजे, हा सगळ्या प्रयोगाचा हेतू आहे.

घोळ आमच्याकडे कोणी पेरत नाही. पाणी मिळालं की तो आपोआप येतो आणि खुरपणीत सगळ्यांत आधी त्याचाच ढीग बांधावर पडतो. खुरपायला येणाऱ्या मावशी मात्र त्या ढिगातले कोवळे शेंडे ओट्यात घेऊन घरी जातात. शेतातून काढून टाकायचा आणि घरी नेऊन शिजवायचा, ही दोन्ही कामं एकच बाई एकाच सकाळी करते हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

माझा अंदाज असा आहे. घोळ मिरचीच्या आधी किंवा तिच्याबरोबर उगवला, तर तो रोपाच्या वाट्याचं पाणी आणि खत घेतो. मिरचीनं मुळं धरल्यावर तो आला आणि बुंध्यापासून लांब ठेवला, तर त्याच्यामुळे माती सावलीत राहते. हे अंतर आणि ही वेळ कितपत पाळता येते ते बघायचं आहे.

मांडणी: चार गादीवाफे. पहिल्यात मिरची आणि घोळ. दुसऱ्यात फक्त मिरची, नेहमीसारखी खुरपणी करून, म्हणजे तुलना करता येईल. तिसऱ्यात मिरची, घोळ आणि मधूनमधून चवळी. चौथा वाफा उताराच्या टोकाला आहे. तिथे उन्हाळ्यात मातीवर क्षारांचा पांढरा थर येतो, म्हणून तिथे टोमॅटो आणि घोळ. पश्चिमेच्या कडेला मक्याच्या दोन ओळी, दुपारनंतरचं ऊन अडवायला. वाफ्यांच्या तोंडाशी झेंडू. बांधावरच्या जुन्या शेवग्याखाली चिवळ, ही घोळासारखीच पण इवल्या पानांची पालेभाजी.

3 फेब्रुवारी

मिरचीची आणि टोमॅटोची रोपं लावली. दोन रोपांत दीड फूट, मधून ठिबकची नळी. लागवडीआधी शेणखत फक्त ओळीत दिलं, मधल्या पट्ट्यात नाही. घोळाला खत लागतच नाही असं नाही, पण भरपूर नत्र मिळालं की तो मोकाट वाढतो, खोड पाणचट होतं आणि मग चव राहत नाही.

घोळाचं बी आत्ता टाकायचं नाही. थंड मातीत ते पडून राहतं. माती चांगली तापली, तिशीच्या आसपास गेली, की भराभर उगवतं. ही सवय इथे उपयोगी आहे, कारण माती तापेपर्यंत मिरचीला महिनाभर मोकळी जमीन मिळते.

मका टोकला. झेंडूची रोपं लावली. झेंडू शोभेसाठी नाही. घोळाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी, वाढू शकतात आणि तेच मिरची-टोमॅटोलाही लागतात. झेंडूच्या मुळांतून निघणारं द्रव्य या सूत्रकृमींना मारक असतं. चार-दोन झाडांनी ते साधत नाही, दाट ओळ लागते, म्हणून दोन्ही तोंडांना सलग पट्टा केला.

27 फेब्रुवारी

आज घोळ पेरला. बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, काळं आणि चमकदार. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंनी बांधावरच्या झाडांची बोंडं कागदावर वाळवून ठेवली होती, तेच वापरलं. चाळलेल्या वाळूत मिसळून मधल्या पट्ट्यावर विस्कटलं आणि वरून माती लोटली नाही. या बियाला उगवायला उजेड लागतो. गाडलं तर ते मरत नाही, झोपून राहतं. खोल गेलेलं बी काही दशकं जिवंत राहू शकतं. नांगरट झाली की दरवेळी नवा घोळ कुठून येतो याचं उत्तर त्यातच आहे.

मिरचीच्या बुंध्यापासून दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवायची आहे. दोरी लावून रेघ मारली. पेरणीनंतर झारीनं हलकं पाणी दिलं, नंतर चार दिवस सकाळ-संध्याकाळ फवारा. ठिबकचं पाणी मधल्या पट्ट्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून सुरुवातीला ही मेहनत करावीच लागते.

शेवग्याखाली चिवळ लावली. तिचं बी धरण्याऐवजी ओल्या मातीत काड्या खोचल्या. चिवळ प्रत्येक पेऱ्याला मुळं सोडत जाते, घोळ सहसा तसं करत नाही. घोळ एका मुळावर चहूकडे हात पसरतो, तर चिवळ मातीला चिकटून सरकत राहते. नुसतं जमीन झाकणं हाच हेतू असता तर मी सगळीकडे चिवळच लावली असती. पण तिची पानं इवलीशी असतात आणि निवडायला फार वेळ जातो.

8 मार्च

उगवण छान आहे. पहिली दोन पानं लालसर, जमिनीला टेकलेली. पण घोळाबरोबर त्याच्यासारखी दिसणारी दोन-तीन झाडंही आली आहेत. घोळ नवीन लावणाऱ्याला ती ओळखता आलीच पाहिजेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिलं, दुधी नावाचं तण (दुधी भोपळा नव्हे). तीही जमिनीलगत पसरते, खोड तांबूस, पानं लहान. ओळखायची खूण एकच आणि ती चुकत नाही: काडी मोडली की पांढरा चीक येतो. घोळाच्या काडीतून नुसतं पाणी येतं. चीक आला की ते झाड भाजीत जाता कामा नये. चिकाचा हात डोळ्यालाही लावू नये.

दुसरी, पांढरी घेटुळी, जिला काही भागात विषखापरा म्हणतात. ती घोळाशी जास्त मिळतीजुळती असते, कारण तिची पानंही जाडसर असतात. फरक पानांच्या जोडीत आहे: समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं आणि एक लहान. फूल गुलाबी-पांढरं, पानाच्या बगलेत चिकटलेलं. घोळाचं फूल पिवळं असतं आणि पानं फांदीच्या टोकाला झुबक्यात येतात. घेटुळी वाढली की जाड खोडानं सगळी जागा धरते, म्हणून ती आत्ताच उपटली.

चिवळीत आणि घोळात गोंधळ झाला तरी बिघडत नाही, दोन्ही खाण्याच्याच. तरी सांगते: चिवळीच्या पेऱ्यापाशी पांढरे केस दिसतात आणि फुलाला चार पाकळ्या असतात. घोळाला बहुधा पाच.

पहिल्या विरळणीत हातभर पट्ट्यात मूठभर रोपं ठेवली. बाकीची रोपं उपटून, मुळं खुडून धुतली आणि कोशिंबिरीत घातली.

19 मार्च

मिरची गुडघ्याच्या खाली आहे, पहिली फुलं दिसू लागली. घोळाचे शेंडे आज खुडले. टोकाचा भाग काढला की खालच्या बगलांतून फुटवे येतात आणि झाड दाट होतं. सरळ वाढू दिलं तर मधे मोकळं भगदाड राहतं आणि नेमक्या त्याच जागी ऊन पडतं.

तिसऱ्या वाफ्यात चवळी टोकली. बुटकी, झुडपी जात घेतली आहे. वेल जाणारी चवळी मिरचीवर चढते, ती इथे नको.

30 मार्च, गुढीपाडवा

पहिली मोठी तोडणी. धारदार विळ्यानं जमिनीपासून चार बोटं वर कापायचं, उपटायचं नाही. मुळं तशीच राहिली की माती हलत नाही आणि फुटवा लगेच येतो. पहिल्या वाफ्यातून मोठी पाटी भरली.

आज ताकातली पातळ भाजी केली. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे तासभर भिजवून शिजवून घेतले. घोळ निवडून, तीन-चार पाण्यांतून धुऊन बारीक चिरला. खाली पसरणारी भाजी असल्यानं पानाच्या बगलेत माती अडकते, धुण्यात हयगय करायची नाही. चिरलेला घोळ थोडा परतला, डाळ-दाणे घातले, बेसन लावलेलं आंबट ताक ओतून सतत ढवळत एक उकळी काढली. वरून तुपाची फोडणी: जिरं, हिंग, लसूण, सुकी मिरची. सासूबाई गूळ घालतात, मी नाही घालत. पुरणपोळीच्या ताटात ही आंबटसर भाजी फार शोभली.

ताकाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण यात चवीपलीकडचं काही आहे. घोळात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं, पालकाच्या तोडीचं. पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेट आतड्यातून रक्तात जातं आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांना ते बाधतं. दही-ताकातलं कॅल्शियम या ऑक्झॅलेटला बांधून ठेवतं, मग ते शरीरात कमी शोषलं जातं. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं: घोळाची पानं दह्यात मिसळली तर विरघळणारं ऑक्झॅलेट कमी होतं असं त्यांना 2009 मध्ये दिसलं. आपल्या आज्या-पणज्या घोळ ताकात शिजवत आल्या, तो आंबट भाजीला ताक छान लागतं म्हणून असेल, पण पोटाला त्याचा खरा फायदा आहे. घरात कोणाला खड्यांचा त्रास असेल तर मात्र ताकाच्या भरवशावर रोज घोळ खाऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. ताज्या 100 ग्रॅम पानांत साधारण 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हे ओमेगा-3 गटातलं स्निग्धाम्ल आहे आणि पालेभाजीत ते इतकं सापडणं विरळ. जवस खाणाऱ्या घरांना हे नाव ओळखीचं असेल. मासे न खाणाऱ्यांसाठी दाराशी उगवणारी ही भाजी मोलाची आहे.

12 एप्रिल

ऊन कडक झालं. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि चवीला मचूळ लागतंय. कालव्याचं आवर्तन येईपर्यंत यावरच भागवायचं.

दुपारी दोनच्या सुमारास मातीचं तापमान घेतलं. दुसऱ्या वाफ्यातली उघडी माती वरच्या थरात पन्नासच्या पुढे गेली होती. पहिल्या वाफ्यात घोळाखाली थर्मामीटर सदतिशीवर थांबला. हात घातला तरी फरक कळतो. उघड्या मातीला भेगा पडू लागल्या आहेत, घोळाखालची माती अजून भुसभुशीत आहे.

पण याचा अर्थ पाणी वाचलं असा लगेच काढता येत नाही. घोळ स्वतःही पाणी पितो. बोटानं उकरून पाहिलं तर वरची दोन इंच माती पहिल्या वाफ्यात ओलसर, दुसऱ्यात कोरडी. वीतभर खाली दोन्हीकडे फारसा फरक नाही. मिरचीची पोसणारी मुळं वरच्या थरात असल्यानं तिला हे झाकण मानवतंय: दुसऱ्या वाफ्यातली झाडं दुपारी माना टाकतात, पहिल्यातली तेवढी टाकत नाहीत. घोळाच्या पट्ट्याला वेगळं पाणी देणं आता पूर्ण बंद केलं.

चौथ्या वाफ्यात घोळ सगळ्यांत जोमात आहे. बाकी काही नीट येत नाही त्या टोकाला त्याची पानं जाड आणि काळपट हिरवी झाली आहेत. खारवट मातीत तो तग धरतो, मीठ आपल्या पानांत-काड्यांत ओढून घेतो. खारट पाण्यावरच्या टोमॅटोशेजारी घोळ लावून पाहण्याचे प्रयोग इटलीत आणि तुर्कस्तानात झाले आहेत. तत्त्व साधं आहे: मीठ घोळात जाईल आणि घोळ शेताबाहेर जाईल. म्हणून या वाफ्यातला कापलेला घोळ तिथेच कुजवायचा नाही. तिथे कुजला तर मीठ पुन्हा मातीत. तो सगळा घरात किंवा शेळ्यांना. या वाफ्यातल्या भाजीत मीठ घालताना हात आवरावा लागतो, इतका तो मुळातच खारट आहे.

20 एप्रिल

आज चवीचा प्रयोग. आठवडाभर पाणी न दिलेल्या पट्ट्यातला घोळ पहाटे उजाडता उजाडता तोडला, आणि त्याच पट्ट्यातला संध्याकाळी पाचला. दोन्ही कच्चे, धुऊन, शेजारी शेजारी. घरातल्या सगळ्यांनी चाखले. सकाळचा इतका आंबट की धाकट्याला कैरी आठवली. संध्याकाळचा जवळजवळ फिका, किंचित खारट.

कारण झाडाच्या जगण्यात आहे. पाणी भरपूर असताना घोळ मक्यासारखा, कडक उन्हात झपाट्यानं अन्न तयार करणारा. पाणी तुटलं की तो निवडुंगाची रीत धरतो: दिवसा पानांची छिद्रं मिटून घ्यायची, रात्री उघडून हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घ्यायचा आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा. सकाळी हा साठा भरलेला असतो म्हणून पान आंबट. दिवसभर सूर्यप्रकाशात तो वापरला जातो, संध्याकाळी चव उतरते. या दोन्ही रीती एकाच झाडात असणं दुर्मीळ आहे. त्या घोळात एकाच पेशीत जोडलेल्या आहेत हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं.

माझ्यासाठी याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. चटणी किंवा आमटी करायची तर पहाटे तोडायचा, चिंच-आमसूल लागत नाही. पीठ पेरून भाजी किंवा थालीपीठ करायचं तर संध्याकाळी. दुपारी तोडलेला तसाही कोमेजून येतो.

4 मे

पिवळी फुलं. सकाळी ऊन चढलं की उघडतात आणि काही तासांत मिटतात. ढगाळ असेल तर उघडतही नाहीत.

आता खरी जबाबदारी सुरू होते. फुलानंतर छोटं बोंड येतं, पिकलं की त्याचं वरचं टोपण गळून पडतं आणि बी सांडतं. एका मोठ्या झाडाला लाखावर बिया येऊ शकतात. उपटून टाकलेल्या झाडावरही कोवळी बोंडं पिकत राहतात, कारण मांसल काडीत पाणी असतं. ओल्या जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा मुळं धरतो. घोळ लावा असं कोणाला सांगायचं तर हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या कांद्यात तो घुसेल आणि बोल आपल्याला लागेल.

म्हणून नियम: फूल दिसलं की त्या आठवड्यात कापणी. मावशींना सांगितलं, बोंड धरलेली काडी बांधावर टाकायची नाही, पाटीत भरून शेळ्यांपुढे. त्या म्हणाल्या, "ताई, आमी तर जलमभर बांधावर टाकत आलो, म्हणूनच दरसाल येतोय व्हय?" होय, बऱ्याच अंशी म्हणूनच.

बियाण्यासाठी पहिल्या वाफ्याच्या कडेला एकच झाड राखलं, खाली जुनं सुती कापड अंथरून.

तिसऱ्या वाफ्याचं मत आता पक्कं झालं. चवळीनं मिरचीला त्रास दिला नाही, पण तिच्या दाट पानांखाली घोळ लांबट, पिवळट आणि बेचव झाला. घोळाला ऊन हवंच. चवळीच्या मुळांवरच्या गाठींचा मातीला फायदा होईल तो पुढच्या पिकाला. चवळी आणि घोळ एकाच वाफ्यात नकोत. मक्याची सावली मात्र तीननंतर येते आणि तेवढी त्याला चालते.

11 मे

चौथ्या वाफ्यात घोळाची पानं कुरतडलेली. उलटून पाहिलं तर काळपट सुरवंट, अंगभर फांद्या फुटलेले काटे. मावशी चिरडायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. गेले काही दिवस या वाफ्यावर एक काळं फुलपाखरू बसत होतं, पंखांवर पांढरे मोठे ठिपके आणि ठिपक्यांच्या कडेला जांभळी-निळी झाक. तो नर. मादी अगदी वेगळी, नारंगी, काळ्या-पांढऱ्या टोकांची, रुईवर दिसणाऱ्या बिबळ्या कडव्यासारखी. कडवा रुईच्या विषामुळे पक्ष्यांना नकोसा असतो आणि ही मादी त्याचं रूप घेऊन वाचते. तिची पिल्लं घोळावर वाढतात.

सुरवंटांनी मिरचीला किंवा टोमॅटोला तोंड लावलेलं नाही. घोळ भरपूर आहे. तो कोपरा तोडणीतून वगळला. या वाफ्यांवर कोणतंही कीटकनाशक मारायचं नाही हे आधीच ठरलं होतं, खायच्या पानांवर मारणार तरी काय. मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी आणि घोळ कापून घेतल्यावर.

27 मे

इतका पाऊस या दिवसांत कोणी पाहिला नव्हता. मे महिनाभर वळीव चालूच होता, पण 25 तारखेला फलटण, बारामती, इंदापूर सगळीकडे ओढे-नाले भरून वाहिले. बारामतीकडे नीरा डावा कालवा फुटला. मान्सून 24 ला केरळात आणि काल 26 ला मुंबईत, जिथे तो एरवी 11 जूनच्या सुमारास येतो. लोकांची घरं, गोठे, उभी पिकं गेली. त्यापुढे दोन गुंठ्यांची नोंद लहान आहे, तरी लिहून ठेवते.

गादीवाफे उंच असल्यानं मिरची उभी आहे. सऱ्यांत पाणी तुंबलं तिथला घोळ एका रात्रीत पिचका होऊन काळा पडला. उन्हात न हरणारं हे झाड साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही. वाफ्याच्या माथ्यावरचा घोळ वाचला, पण पानांवर पांढरे फोड दिसू लागलेत. हा पांढरा तांबेरा, ढगाळ ओल्या हवेत येतो. फोडाची पानं काढून जाळायची, भाजीत घ्यायची नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट दिसते. दुसऱ्या वाफ्यात पावसाच्या माऱ्यानं माती वाहून मिरचीची मुळं उघडी पडली. पहिल्या वाफ्यात माथ्यावरची माती जागेवर आहे. उन्हाळ्यासाठी लावलेल्या झाकणानं मेमधल्या या पावसात माती धरून ठेवली.

शेवग्याखालची चिवळ तर पाण्याखाली जाऊनही पेऱ्यापेऱ्याला धरून राहिली आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा हिरवी झाली. तिथली माती जराही हललेली नाही. उताराच्या जागी चिवळ आणि सपाट माथ्यावर घोळ, असं पुढे करायला हवं.

15 जून

मिरचीचे तोडे चालू आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या वाफ्यातल्या एकूण मिरचीत डोळ्यांत भरेल असा फरक नाही. दोनच वाफ्यांवरून मोठा निष्कर्ष काढणंही बरोबर नाही. फरक आहे तो कामात आणि ताटात. दुसरा वाफा मार्चपासून मेपर्यंत सारखा खुरपावा लागला. पहिल्यात एप्रिलनंतर दुसरं तण जवळजवळ आलंच नाही, कारण उजेडच खाली पोचत नव्हता. आणि दर आठवड्याला घरापुरती भाजी निघून वर आठवडे बाजारात मावशींनी जुड्या विकल्या. त्यांचे पैसे त्यांनाच.

शेजारच्या काकांनी विचारलं, कांद्यात लावू का? मी नाही म्हटलं. कांद्याची मुळं उथळ, पात बारीक, ती सावली धरत नाही. तिथे घोळ वरचढ होणार. मेथी, कोथिंबीर, गाजर यांच्यातही नको, ही पिकं लहानपणी फार नाजूक. उंच, एका खोडावर उभी राहणारी आणि पायथा मोकळा ठेवणारी पिकं घ्यावीत: मिरची, टोमॅटो, भेंडी, मका, पपई, नवा शेवगा. वांग्याचा पसारा मोठा, त्याखाली घोळ फार दिवस टिकेलसं वाटत नाही.

29 जून

माउलींची पालखी काल फलटण मुक्कामी होती, आज बरडकडे गेली. आमच्याकडे उतरलेल्या दिंडीसाठी सकाळी घोळाची डाळभाजी केली. मुगाची डाळ, कांदा-लसूण न घालता, जिरं-मिरचीची फोडणी. कापलेल्या बुडख्यांना पावसानंतर नवा फुटवा आला होता तोच वापरला, तांबेऱ्याची पानं वेचून काढून. दिंडीत मराठवाड्यातल्या एक आजी होत्या, त्यांच्याकडे चिवळ जास्त. त्या म्हणाल्या, चिवळ चिरायचीच नाही, निवडून अख्खी टाकायची आणि तुरीच्या डाळीत घोटायची. निवडायच्या कंटाळ्यावर हा चांगला उपाय आहे. उद्या करून बघते.

बाजूच्या बाईंनी विचारलं, तेलंगणात पप्पूत, म्हणजे डाळीत, घालतात ती गंगवायली हीच का? हीच. त्या कामासाठी काही वर्षं हैदराबादला होत्या, तिथे मंडईत जुड्या विकत घ्यायच्या. इथे बांधावर दिसते ती तीच भाजी, हे त्यांना आज कळलं.

8 जुलै

राखलेल्या झाडाचं बी कापडावर जमलं. वाळवून, चाळून काचेच्या बाटलीत भरलं. थोडं काकांना दिलं, त्यांच्या नव्या पपईच्या ओळींसाठी, आणि बोंडाआधी कापायचा नियम लिहून दिला.

पावसाळ्यात या वाफ्यांवर घोळ ठेवणार नाही. ढगाळ हवेत तो रोगट होतो आणि या काळात जमीन झाकायला दुसरं पुष्कळ उगवतं. माथ्यावरची बुडखी कापून बाहेर काढली, दोन्ही तोंडांचा झेंडू दसऱ्यापर्यंत ठेवायचा. चौथ्या वाफ्याची माती तपासणीला द्यायची आहे, क्षार किती उतरले ते बघायला. जानेवारीत नमुना घेऊन ठेवलेला आहेच, दोन्ही एकाच वेळी देते. शेवग्याखालची चिवळ तशीच राहू द्यायची. ओढ्याकडच्या उतारावर तिच्या काड्या या आठवड्यात खोचायच्या, जमिनीला वापसा आला की लगेच.